कमी पैशात बेस: घरच्या रेकॉर्डिंगसाठी खर्ज कुठून आणावा?

घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्या मंडळींचे बेसबद्दलचे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. बेस गिटार चार तारांची घ्यावी की पाच? अँप नसेल तर चालेल का? कीबोर्डवरचा बेस खोटा का वाटतो? आणि सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, हेडफोनवर भरघोस वाटणारा बेस व्हॉट्सअ‍ॅपवरून मित्राला पाठवला की त्याच्या फोनवर गायब कसा होतो? प्रश्न चार असले तरी मुळाशी समजूत एकच आहे: बेस म्हणजे तळाचा घुमारा, तो जितका खाली जाईल तितका चांगला, आणि तो मिळवायला मोठी यंत्रं लागतात. ही समजूत बाजूला ठेवलीत तर निम्मे पैसे तिथेच वाचतील. ऐकणाऱ्याला बेस पटतो तो तीन गोष्टींमुळे. स्वर नेमका लागलेला असतो, तो नेमका सुरू होऊन नेमका थांबतो, आणि तारेचा किंवा बोटाचा वरच्या अंगाचा आवाज त्यात शाबूत असतो. या तिन्ही गोष्टी स्वस्त आहेत. महाग असतो तो अगदी तळाचा घुमारा, आणि तो तुमच्या घरात तुम्हालाही धड ऐकू येत नाही, बहुतेक श्रोत्यांनाही नाही.

फोनवर बेस का नाहीसा होतो

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड ‘ई’ तार मोकळी छेडली की तिचा मूळ स्वर साधारण ४१ हर्ट्झचा असतो. पुढच्या तीन तारा ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. फोनचा इवलासा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो, म्हणजे चारही मोकळ्या तारांचे मूळ स्वर त्यातून बाहेरच पडत नाहीत. तरीही चांगल्या रेकॉर्डिंगमधली बेसची ओळ फोनवर ऐकून गुणगुणता येते. कारण तारेतून एकटा मूळ स्वर कधीच निघत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे हार्मोनिकही सोबत निघतात. ४१ च्या वर ८२, १२४, १६५, २०६, २४७ अशी ती रांग असते. यातले वरचे काही कानावर पडले की मेंदू न ऐकलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. उलट, हार्मोनिक नसलेला गुळगुळीत सिंथ बेस फोनवर पार नाहीसा होतो, मग त्याचा आवाज कितीही वाढवा.

यावर लगेच हरकत येते की मोटारीतल्या किंवा कार्यक्रमातल्या मोठ्या स्पीकरवर तळाचा भाग ऐकू येतोच, त्याचं काय? येतो, आणि तो तिथे असायलाही हवा. पण तो वेगळा विकत घ्यावा लागत नाही. साध्या बेस गिटारची तार थेट रेकॉर्ड केली किंवा फुकटचं नमुनाधारित बेस वाद्य वाजवलं, तरी मूळ स्वर त्यात पुरेसा असतो. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये तळ कमी पडल्याचं क्वचित आढळतं; तो न ऐकता, अंदाजाने वाढवून ठेवल्यामुळे मोठ्या स्पीकरवर गाण्याचा चिखल झाल्याचं मात्र वारंवार आढळतं.

दुसरी हरकत वादकांकडून येते: अँपशिवाय बेसला जीव येत नाही. रंगमंचावर हे खरं आहे. रेकॉर्डिंगचा इतिहास वेगळं सांगतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या मोटाऊन कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या गाण्यांवर जेम्स जेमर्सनचा बेस आहे, आणि आजही बेस शिकणारे त्याच ओळी घोकतात. त्यातला बराचसा बेस अँपसमोर माईक न ठेवता वायरने थेट कन्सोलमध्ये घेतलेला आहे. वाद्य होतं फेंडरची साधी प्रिसिजन बेस, तारा गुळगुळीत विणीच्या आणि जुन्या, ब्रिजवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, आणि उजव्या हाताची एकच तर्जनी. त्या आवाजातली खरोखर महाग वस्तू म्हणजे जेमर्सनचा हात, आणि तो दुकानात मिळत नाही. बाकीचं सगळं आज मध्यमवर्गीय घरात जमण्यासारखं आहे.

आधी ठरवा: गाण्याला कुठला खर्ज हवा

खरेदीच्या आधी गाण्याकडे पाहा, कारण आपल्याकडच्या अनेक गाण्यांत तळाची जागा आधीच भरलेली असते. तबल्याचा डग्गा, ढोलकीची धुम, पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावून मिळवलेला घुमारा, हे सगळं बेसच्याच भागात वाजतं. त्यात डग्ग्याचा घुमारा मनगटाच्या दाबाने वरखाली सरकतो, तर बेसचा स्वर स्थिर असतो. दोघेही लांब घुमत राहिले की बेस बेसूर झाल्यासारखा वाटतो आणि दोष वाद्याला दिला जातो. उपाय मांडणीत आहे. तालवाद्य घुमत असेल तिथे बेसचे स्वर आखूड ठेवा, किंवा बेस फक्त समेवर आणि ओळीच्या वळणावर आणा. पखवाज-टाळांच्या अभंगात बेस मुळीच नसला तरी काही बिघडत नाही. प्रिन्सने १९८४ साली ‘व्हेन डव्ह्ज क्राय’ हे गाणं बेसची ओळ काढून टाकूनच प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘बेस नको’ हाही एक पर्याय आहे आणि तो सर्वांत स्वस्त आहे.

रागावर आधारलेल्या चालीत आणखी एक धोका असतो. बेस वाजवणाऱ्यांची, आणि सॉफ्टवेअरमधल्या तयार साच्यांचीही, सवय मूळ स्वर आणि त्याचा पंचम यांत फिरण्याची असते. मालकंस किंवा मारव्यात पंचम वर्ज्य आहे. तिथे बेसने तो लावला तर गायकाने तासभर मेहनत करून उभं केलेलं वातावरण एका ठोक्यात मोडतं. मालकंसात तानपुराही पंचमाऐवजी मध्यमावर मिळवतात. बेसनेही षड्ज-मध्यमावर राहावं.

पाच तारांचा प्रश्नही इथेच सुटतो. गायकाची पट्टी काळी पाच असेल तर बेसवरचा सर्वांत खालचा षड्ज ‘ई’ तारेच्या सहाव्या पडद्यावर, साधारण ५८ हर्ट्झवर मिळतो. काळी चारचा चौथ्या पडद्यावर, ५२ हर्ट्झवर. हे दोन्ही सुरेख भरतात. पट्टी काळी एक असेल तर चार तारांच्या बेसवर षड्ज ६९ हर्ट्झवर मिळतो, आणि त्याखालचा साडेचौतीस हर्ट्झचा षड्ज हवा असेल तरच पाचवी तार लागते. वर सांगितलेलं गणित लक्षात घेतलं तर तो खालचा स्वर ऐकू येणारे श्रोते किती, हे तुम्हीच ठरवा. पहिली बेस घेणाऱ्याने पाचव्या तारेचे पैसे वाचवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हातात काय आहे त्यावरून वाट निवडा

फक्त संगणक किंवा फोन असेल तर खर्च शून्यापासून सुरू होतो. आयफोन किंवा मॅकवर गॅरेजबँड फुकट आहे आणि त्यात बेस वाद्यं आहेत. इतर फोनवर आणि संगणकावर बँडलॅब चालतं. विंडोज संगणकावर रीपर ६० दिवस वापरून पाहता येतं, नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे. ट्रॅकशनचं वेव्हफॉर्म फ्री हे नावाप्रमाणेच फुकट आहे. त्यात जोडायला अँपल साउंडचं ‘अँपल बेस पी लाइट’ हे खऱ्या प्रिसिजन बेसचे नमुने घेऊन केलेलं वाद्य फुकट मिळतं. सिंथ बेस हवा असेल तर सर्ज एक्सटी आणि व्हायटलची फुकट आवृत्ती यांत आयुष्यभर पुरेल इतकं आहे.

‘पण सॉफ्टवेअरचा बेस खोटा वाटतो.’ वाटतो, आणि त्याचं कारण बहुतेकदा नमुन्यांत नसतं, वाजवण्यात असतं. बेस वाजवणारा माणूस एका वेळी एक स्वर वाजवतो, प्रत्येक ठोका वेगळ्या जोराने मारतो आणि बोट उचलून स्वर थांबवतो. माउसने भरलेल्या ओळीत सगळे स्वर एकाच जोराचे, एकमेकांवर चढलेले आणि चौकटीला चिकटलेले असतात. म्हणून पुढचं तपासा:

- स्वर एकमेकांवर चढू देऊ नका. आधीचा संपल्यावरच पुढचा सुरू व्हावा, मध्ये जरा फट राहिली तर उत्तम.
- जोर कमीजास्त करा. समेचा ठोका ठाम, मधले हलके.
- मिडीच्या मोजणीत चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा स्वर २८ क्रमांकाचा. त्याच्या खाली गेलात तर वाद्य खोटं वाटणारच, कारण तो स्वर त्या वाद्यात नाही.
- घसीट आणि स्लॅपचे चमचमीत नमुने आठ-दहा मात्रांत एकदाच. सुरुवातीला तेच सर्वांत आवडतात, म्हणून हे सांगावं लागतं.

घरात कीबोर्ड असेल तर तुमच्याकडे आधीच आठ बेस आहेत. १९९१ साली ठरलेल्या जनरल मिडी या प्रमाणात ३३ ते ४० हे आवाज बेसचेच आहेत: उभा बेस, बोटाचा, पिकचा, बिनपडद्याचा, दोन स्लॅप आणि दोन सिंथ. यूएसबी असलेला कीबोर्ड संगणकाला जोडलात तर त्याच पट्ट्यांवरून सॉफ्टवेअरमधला चांगला बेस वाजवता येतो, वेगळा मिडी कीबोर्ड घ्यायची गरज उरत नाही. फक्त पट्ट्या दाबाचा जोर ओळखणाऱ्या आहेत का ते पाहा; खेळण्यातल्या स्वस्त कीबोर्डवर ते नसतं. कीबोर्डचा बेस हलका समजणाऱ्यांनी आठवावं की द डोअर्सच्या कार्यक्रमांत बेसवादक नसायचा, रे मांझारेक डाव्या हाताने पियानो बेस वाजवायचा. आणि मुंबईच्या स्टुडिओंत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांवर आधारलेली जी सिंथेसायझर तबकडी काढली, तिच्यात तळाला होतं रोलंडचं टीबी ३०३. बेस गिटारच्या जागी वाजवायला म्हणून बाजारात आलेलं आणि त्या कामात सपशेल आपटलेलं हे यंत्र! ते खऱ्या बेससारखं वाजत नाही म्हणूनच पुढे जगभर गाजलं. तेव्हा ‘खऱ्यासारखा’ आवाज हवा की गाण्याला शोभणारा, हेही आधी ठरवून घ्या.

साधी गिटार असेल तर एक सप्तक खाली उतरवण्याचा मार्ग आहे. गिटारच्या खालच्या चार तारा आणि बेसच्या चार तारा यांचे स्वर तेच असतात, एका सप्तकाच्या फरकाने. म्हणून बोटं तीच ठेवून वाजवा, रेकॉर्ड झाल्यावर ऑडॅसिटीतल्या ‘चेंज पिच’ने किंवा रीपरमधल्या रीपिचने बारा अर्धस्वर खाली उतरवा. लय बदलत नाही. एका वेळी एकच तार वाजली पाहिजे, बाकीच्या तळहाताने मुक्या करा. मानेजवळचा पिकअप आणि टोनचं बटण अर्ध्याखाली ठेवा. ही फसवेगिरी आहे असं वाटत असेल तर २००३ सालचं व्हाइट स्ट्राइप्सचं ‘सेव्हन नेशन आर्मी’ ऐका. जगभरच्या फुटबॉल मैदानांत गायली जाणारी त्यातली ‘बेस’ची ओळ मुळात गिटारवर, डिजिटेक व्हॅमी पेडलने एक सप्तक उतरवून वाजवलेली आहे. तरी या मार्गाची मर्यादा सांगायला हवी: लांब, मोकळे स्वर डळमळतात. आखूड स्वरांच्या ओळीला हा उपाय फिट्ट बसतो. संथ भावगीताला नाही.

बेस गिटार घ्यायचीच असेल तर

कॉर्ट, यामाहा, आयबानेझ, स्क्वायर यांच्या सुरुवातीच्या नव्या बेस साधारण १५ ते २५ हजारांच्या टप्प्यात असतात. भाव दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. या टप्प्यातल्या दोन वाद्यांत रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणारा फरक नव्या तारा आणि नीट सेटिंग यांच्या फरकापेक्षा कमी असतो. म्हणून बजेट २० हजारांचं असेल तर सगळे वाद्यावर उधळू नका. तारांचा एक चांगला संच आणि गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून सेटिंग, यांचे पैसे आधी बाजूला काढा. प्रमाण बेसची तार ब्रिजपासून नटपर्यंत ३४ इंच असते. हात लहान असेल किंवा गिटारची सवय असेल तर ३० इंची शॉर्ट स्केल बेस बघा. तिचा आवाज थोडा गोल आणि मऊ येतो, आणि घरच्या मिश्रणात तो अनेकदा सोयीचाच पडतो.

जुनी बेस अर्ध्या किमतीत मिळू शकते, पण दहा मिनिटं तपासून घ्या:

- मान बाजूने, बंदुकीचा नेम धरल्यासारखी पाहा. किंचित पुढे वाकलेली चालते, पिळलेली नको. पीळ दुरुस्त करायला वाद्याच्या किमतीइतके पैसे जातात.
- फोनवरचं ट्यूनर लावून बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवा, मग तिथेच नुसता स्पर्श करून हार्मोनिक काढा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. दाबलेला चढा येत असेल तर ब्रिजवरची घोडी मानेपासून दूर सरकवून तो जुळतो; घोडीला सरकायला जागाच उरली नसेल तर वाद्य सोडा.
- प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवा. एखाद्याच जागी खरखर असेल तर तो पडदा झिजला आहे किंवा वर आला आहे.
- बटणं फिरवताना चरचर आली तर घाबरू नका, ती थोडक्यात साफ होते. किंमत पाडायला मात्र तिचा उपयोग करा.

तारांबद्दल एक युक्ती बेसवादकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जुन्या, मेलेल्या राउंडवाउंड तारा काढून पाण्यात उकळल्या आणि नीट पुसून वाळवल्या की विणीत साचलेला मळ निघतो आणि काही दिवस त्या पुन्हा बोलतात. रेकॉर्डिंगच्या आठवड्यापुरता हा उपाय चालतो. जुन्या काळचा मऊ आवाज हवा असेल तर मात्र तारा जुन्याच राहू द्या आणि ब्रिजजवळ तारांखाली फोमची पट्टी सरकवा. स्वर आखूड होतो, घुमारा मर्यादेत राहतो, आणि हातातल्या अनेक चुका झाकल्या जातात. गिटारवरून बेसकडे वळलेल्यांनी बोटांचा अट्टहासही धरू नये. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत असंख्य गाण्यांवर बेस वाजवणारी कॅरल के पिकनेच वाजवायची, तारांवर फेल्टचा तुकडा ठेवून.

थेट रेकॉर्ड करताना

बेस लॅपटॉपच्या माईकच्या भोकात घालू नका. बेसच्या पिकअपला सुमारे एक मेगाओहम रोधाचं प्रवेशद्वार लागतं. लाइन इनपुटचा रोध साधारण दहा किलोओहम असतो आणि तिथे वरचे हार्मोनिक मरतात. फोनवर बेस टिकवणारा भाग नेमका हाच. त्यामुळे पैसे खर्च करायची पहिली जागा म्हणजे ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलं बटण असलेला ऑडिओ इंटरफेस. तो ५ ते १० हजारांत येतो आणि गाणं, गिटार, हार्मोनियम सगळ्यालाच लागतो. इंटरफेसला असं बटण नसेल तर डीआय बॉक्स माईकच्या इनपुटला लावा. गणेशोत्सवात किंवा लग्नात साउंड लावणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे तो असतो आणि एका दिवसासाठी मागितला तर सहसा मिळतो.

1. बेसवरची व्हॉल्यूम आणि टोनची बटणं पूर्ण उघडा. वरचा आवाज नंतर कमी करता येतो, नसलेला आणता येत नाही.
2. वाद्यात नऊ व्होल्टची बॅटरी असेल तर नवी घाला. उतरलेल्या बॅटरीचा आवाज फाटतो.
3. २४ बिटवर, सर्वांत जोराचा ठोका उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये येईल अशी पातळी ठेवा.
4. प्रत्येक टेकच्या आधी सुरात लावा. दर वेळी, कंटाळा आला तरी.
5. वाजवताना आवाज उशिरा येत असेल तर बफर १२८ सँपलवर आणा आणि विंडोजवर कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर वापरा. ब्लूटूथ हेडफोन लावून कधीच वाजवू नका.

गुणगुण येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, मग दिव्यांचे डिमर बंद करा, मग वाद्य धरून थोडे वळा. सिंगल कॉइल पिकअपची गुणगुण दिशेप्रमाणे बदलते. त्यावर काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला देतात. तो ऐकू नका. धातूच्या तारांवर तुमची बोटं असताना अर्थिंग तोडणं जिवावर बेतू शकतं. जुन्या घरांत अर्थिंगच नसतं, तिथे आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा, बेस नंतर.

अँपचा आवाज नंतर संगणकात देता येतो. इग्नाइट अँप्सचं एसएचबी-१ आणि न्यूरल अँप मॉडेलर दोन्ही फुकट आहेत. थेट घेतलेली मूळ फाइल मात्र पुसू नका. अँपची निवड महिन्याभराने नावडली तर पुन्हा वाजवायला नको.

दहा बाय दहाची खोली आणि फसणारे कान

बेस नीट येत नाही म्हणून मोठे मॉनिटर स्पीकर घेण्याचा मोह बहुतेकांना होतो, आणि हा लेखातला सर्वांत महागडा खड्डा आहे. दहा फुटी खोलीत दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६-५७ हर्ट्झची लहर अडकून उभी राहते. बेसवर हा ‘ए’ आणि त्यावरचा अर्धस्वर, म्हणजे पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधला भाग. भिंतीला टेकून ऐकलंत तर हे स्वर दणदणतात, खोलीच्या बरोबर मध्ये बसलात तर तेच स्वर गळून पडतात. खोली चौरस असेल तर दोन्ही दिशांचा दोष एकाच जागी साचतो. स्पीकर कितीही महाग घ्या, खोली तीच राहणार. भिंतीवर चिकटवायच्या इंचभर फोमनेही काही होत नाही. ४१ हर्ट्झची लहर आठ मीटरहून लांब असते, तिला तो फोम दिसतही नाही.

म्हणून कमी बजेटमध्ये वायरवाले, कान पूर्ण झाकणारे, बेस फुगवून न दाखवणारे हेडफोन हीच शहाणी निवड. ‘हेडफोनवर मिक्स करू नये’ हा जुना नियम इथे आडवा येतो. चांगल्या, ध्वनीसाठी बांधलेल्या खोलीशी तुलना केली तर तो योग्य आहे. तुमच्या बेडरूमशी तुलना केली तर हेडफोन तळाच्या सप्तकाबद्दल जास्त खरं बोलतात. शंका राहिली तर व्होक्सेंगोचं स्पॅन हे फुकट विश्लेषक लावा आणि एखादा स्वर इतरांपेक्षा उंच उसळतो का ते डोळ्यांनी बघा. आणि तुमच्या गाण्याच्या जातीचं एक प्रसिद्ध गाणं त्याच हेडफोनवर, त्याच आवाजात शेजारी ठेवून ऐका.

मिश्रणात फार करायचं नसतं. ३० हर्ट्झच्या खालचं कापा. गढूळ वाटलं तर २०० ते ३०० च्या आसपास थोडं कमी करा, बोटाचा आवाज हरवला असेल तर ७०० ते १००० च्या आसपास थोडं वाढवा. कॉम्प्रेसर ४:१, सुरुवातीचा ठोका निसटेल इतका सावकाश, साधारण ३० मिलिसेकंदांचा. बेस मोनोच ठेवा. मग फोनसाठीचा उपाय: बेसच्या ट्रॅकची एक प्रत काढा, तिच्यातलं २०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, उरलेल्यावर सॅच्युरेशन लावा (सॉफ्ट्यूबचा सॅच्युरेशन नॉब फुकट आहे) आणि ती प्रत मूळ बेसखाली इतकी हळू मिसळा की वेगळी ऐकू येऊ नये, बंद केल्यावर मात्र फोनवर काहीतरी गेलं असं वाटावं. प्रत मिसळल्यावर बेस उलट पातळ झाला तर फेज उलटी करून बघा.

परवाने, बिल आणि वादकाचा हक्क

- चोरीच्या प्लगइनची गरज उरलेली नाही. वर दिलेली फुकट साधनं पुरेशी आहेत. ‘फुकट’ म्हणजे व्यावसायिक गाण्यात वापरायला परवानगी आहेच असं मात्र नाही. प्रत्येकाचा परवाना एकदा वाचा.
- तयार बेस लूप ‘रॉयल्टी फ्री’ असला तरी तो फक्त तुमचा नसतो. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या गाण्यामुळे यूट्यूबवर तुमच्यावर दावा लागू शकतो. लूपच्या खरेदीची पावती आणि परवाना जपून ठेवा, आणि असं गाणं स्वतः कंटेंट आयडीत नोंदवू नका.
- जुन्या गाण्यावर स्वतः बेस वाजवलात तरी मूळ चालीचे आणि शब्दांचे हक्क त्यांच्या मालकांकडेच राहतात.
- वाद्य किंवा इंटरफेस घेताना जीएसटीचं बिल घ्या. ऑनलाइन विक्रेत्याने परतीच्या अटी आधी दाखवणं बंधनकारक आहे. सदोष माल परत घ्यायला दुकान नकार देत असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. खाजगी व्यक्तीकडून जुनं वाद्य घेताना असा आधार गृहीत धरू नका, म्हणून वरची तपासणी.

शेवटचा मार्ग म्हणजे बेसवादकाला पैसे देऊन ओळ वाजवून घेणं. वर्षाला दोन-तीन गाणी करणाऱ्याला तो वाद्य विकत घेण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतो, आणि हात अनुभवी असेल तर सर्वांत चांगला बेस इथूनच मिळतो. त्याला गाण्याची कच्ची फाइल, लय किती बीपीएमची, पट्टी आणि वर्ज्य स्वर लिहून पाठवा. त्याच्याकडून २४ बिटची थेट घेतलेली वेव्ह फाइल, गाण्याच्या अगदी पहिल्या क्षणापासून सुरू होणारी, मागा. मधूनच सुरू होणारे तुकडे जुळवण्यात संध्याकाळ जाते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकालाही सादरकर्ता म्हणून स्वतंत्र हक्क आहेत, त्यामुळे ओळखीतलं काम असलं तरी चार ओळींचा ईमेल करा: मानधन किती आणि केव्हा, किती वेळा बदल करून मिळतील, गाणं कुठे कुठे प्रसिद्ध होणार, आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव कसं येणार. त्याचं ‘मान्य’ असं उत्तर आल्यावरच फाइल पाठवा.